वजिराविना

नानांच्या घरातल्या बुद्धिबळाच्या पटावर वजीर नसायचा. हत्ती, उंट, घोडेही नसायचे. ही सगळी बडी मंडळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बंद आणि डबा वरच्या फळीवर. खाली पटावर फक्त दोन राजे आणि आठ-आठ प्यादी. मी चौथीत असताना त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले आणि पुढची दोन-तीन वर्षं तो डबा माझ्यासाठी क्वचितच खाली आला.

ही शिकवायची कुठली तऱ्हा, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. गारखेड्याचा माझा मामेभाऊ चार चालींत मात द्यायला शिकून आला होता आणि सगळ्या पाहुण्यांना ती देऊन दाखवायचा. मी मात्र एकेक प्यादं सरकवत बसलेली. रडकुंडीला येऊन तक्रार केली की नाना म्हणायचे, "अगं, दारूगोळा कुणालाही उडवता येतो. तो संपल्यावर काय करायचं ते आधी शीक."

ही रीत नानांची एकट्याची नव्हती, हे पुढे कळलं. शेवट आधी शिकावा, सुरुवात मागाहून, असं क्यूबाचा जगज्जेता कापाब्लांकाही सांगत असे. आणि प्यादी हा या खेळाचा आत्मा आहे, हे फिलिदोरने १७४९ मध्येच लिहून ठेवलं होतं. नानांना ही नावं ठाऊक होती, पण नावं घेऊन पोरांवर छाप पाडायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

नाना मूळचे सांगलीचे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभ्या केलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या गावचे, म्हणजे हा खेळ त्यांना शिकावा लागलाच नसेल, अंगणात खेळता खेळता कानावर पडला असेल. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये जायकवाडीची पायाभरणी केली, त्यानंतर धरणाच्या कामावर जी भरती झाली, तीत ते कारकून म्हणून मराठवाड्यात आले. पैठणला राहिले, पैठणचीच मुलगी केली, आणि पुढे बदली होऊन औरंगाबादला आले. शहराचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. मी सांगतेय त्या दिवसांत एसटीच्या पाटीवर औरंगाबादच होतं. औरंगपुऱ्यातल्या आमच्या वाड्यात ते माडीवर भाडेकरू होते. माझे वडील गुलमंडीवर एका कापडाच्या दुकानात नोकरीला. शिकवणीचे पैसे विचारायला वडील माडीवर गेले, तेव्हा नानांनी त्यांना बसवून चहा पाजला आणि पैशांचं नावही निघू दिलं नाही.

सोळा प्यादी कमी होत होत सहा झाली. तीन पांढरी एका कडेला, तीन काळी दुसऱ्या कडेला आणि मध्ये राजे. हा योसेफ सेन नावाच्या हंगेरियन माणसाचा १८३६ च्या सुमाराचा डाव. यात ज्याची पहिली चाल तो जिंकतो. मी कित्येकदा पहिली चाल घेऊनही हरले. मग सहाची दोन झाली, आणि शेवटी एकच प्यादं उरलं. एकट्या प्याद्यापाशी नानांचा खरा वर्ग सुरू व्हायचा, कारण तिथे "बरं खेळलीस", "छान डोकं चालवलंस" असली दाद संपत असे. डाव मांडून ते विचारत, "जिंकलेला की बरोबरीचा?" तिसरं उत्तर नाही. हात लावायच्या आधी उत्तर द्यायचं आणि मग ते खेळून सिद्ध करायचं.

त्यांचा एक डाव अजून डोळ्यांपुढे आहे. पांढरं प्यादं ई ६ ला, त्याच्या मागे ई ५ ला पांढरा राजा. प्याद्याच्या पुढ्यात, ई ७ ला, माझा काळा राजा, आणि चाल माझी. मागे सरायला तीन घरं : डावीकडे डी ८, उजवीकडे एफ ८, सरळ मागे ई ८. तिन्ही घरं सारखीच दिसतात. पण तिरकं गेलं की पांढरा राजा माझ्यासमोर येऊन उभा राहतो आणि प्यादं आरामात वजीर होतं. सरळ मागे गेलं, तर तो ज्या अंगाने पुढे येईल त्या अंगाला मी त्याच्यासमोर उभी राहते. प्यादं सातव्या ओळीत येतं, त्याचा राजा ते राखायला मागे येतो, आणि मला हलायला घर उरत नाही, पण शहही नसतो. बरोबरी. नाना म्हणत, "मागे जायचं तर पाठ न वळवता, सरळ." मी हे वाक्य वहीत लिहून घ्यायला लागले, तर म्हणाले, "लिहू नको. का, ते सांग."

लिहायचे ते स्वतः. कचेरीतून रद्दीत निघालेल्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत त्यांनी एका प्याद्याचा सगळा हिशेब मांडला होता. पट मधून दुमडला तर डावी-उजवी बाजू सारखीच, म्हणून चारच पट्ट्या घ्यायच्या. प्यादं उभं राहू शकतं त्या ओळी सहा, दुसरी ते सातवी. चार सक चोवीस. अशी चोवीस पानं, प्रत्येकावर हाताने आखलेला पट, एका घरात प्यादं आणि काही घरं लाल पेन्सिलीने रंगवलेली. पांढरा राजा त्या लाल घरात पोचला की समोरच्याने काहीही केलं तरी प्यादं वजीर होणार. प्यादं ई ४ ला असेल तर लाल घरं तीन : डी ६, ई ६, एफ ६. प्यादं पाचव्या ओळीत गेलं की तिनाची सहा होतात. कडेच्या, हत्तीच्या पट्टीतल्या प्याद्याला मात्र दोनच, बी ७ आणि बी ८. "कडेला माणूस असाच अडकतो," असं ते म्हणाले खरे, पण लगेच पुढचं पान उलटलं. तत्त्वज्ञान त्यांना झेपायचं नाही.

पुढे संगणक आले आणि तोच हिशेब यंत्राने केला. दोन राजांना चौसष्ट-चौसष्ट घरं, प्याद्याला चोवीस, आणि चाल याची की त्याची, असा गुणाकार केला की १,९६,६०८ स्थिती होतात. प्रत्येकीला एक खूण, जिंकलेली की नाही. हे सगळं २४ किलोबाइटमध्ये मावतं. फोनवरचा एक फोटोही त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. सात मोहऱ्यांपर्यंतचे सगळे शेवट मॉस्को विद्यापीठात २०१२ मध्ये पुरे झाले, त्यांना मात्र १४० टेराबाइट लागले. आणि नानांनी मला पहिल्या दिवशी जो डाव मांडून दिला, दोन राजे नि सोळा प्यादी, तो अठरा मोहऱ्यांचा आहे. तिथपर्यंत कुठल्याच यंत्राची तक्ती पोचलेली नाही. चौथीतल्या पोरीपुढे त्यांनी सरळ असा डाव ठेवला, याचं मला आज हसू येतं.

वहीच्या काही पानांवर लाल पेन्सिलीखेरीज निळ्या शाईची अक्षरंही होती. उदाहरणार्थ, बी ६ च्या प्याद्याच्या पानावर सी ७ हे घर नानांनी लाल केलेलं, आणि त्याशेजारी निळ्या शाईत : "काळा कोपऱ्यात असेल तर इथे येऊ नये." पट मांडून पाहा. काळा राजा ए ८ ला, पांढऱ्याने प्यादं बी ६ ला ठेवून राजा सी ७ वर आणला, की काळ्याला हलायला जागाच नाही आणि जिंकत आलेला डाव फुकट. अक्षर कुणाचं ते ओळखायला वेळ लागला नाही. लोणच्याच्या बरण्यांवर साल-महिना लिहिलेला असायचा, तेच अक्षर.

"ती तपासते," नाना म्हणाले. एवढंच.

काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, पैठणच्या. त्यांचे वडील देवळाच्या ओसरीवर बुद्धिबळ खेळत, तेही देशी नियमांनी, आणि काकू खेळ शिकल्या त्या बघून बघून. या खेळात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर जातं. राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते, शह बसायच्या आधी. शेवटच्या ओळीत पोचलेलं प्यादं हवं ते होत नाही, ज्या पट्टीत पोचलं त्या पट्टीचा मोहरा होतं. प्याद्याने दिलेली मात सगळ्यांत मानाची. आणि समोरच्याचा राजा अगदी एकटा उरला, तर डाव बुर्जी : जिंकणाऱ्याच्या हातून विजय गेला.

हे नियम ऐकले आणि नानांच्या वहीतली चोवीस पानं माझ्या डोळ्यांदेखत बदलायला लागली. घोड्याच्या पट्टीतलं प्यादं जिवापाड जपून शेवटपर्यंत नेलं, तर मिळणार घोडा, आणि एकट्या घोड्याने मात होत नाही. उंटाचंही तेच. "त्या घरातून काय निघणार ते आधी बघावं," काकू म्हणायच्या, "मग जीव टाकावा." बुर्जी तर याहून तिखट. आपल्याकडे राजा-प्यादं आणि समोर नुसता राजा, हा नानांचा पहिला धडा. काकूंच्या हिशेबी तो डाव सुरू व्हायच्या आधीच संपलेला! त्यांच्या खेळात समोरच्याचं शेवटचं प्यादं मारायचं नसतं, राखायचं असतं. हरणारा ते मरायला पुढे करतो आणि जिंकणारा तिथून पळ काढतो. मी पहिल्यांदा असं प्यादं हावरटासारखं मारायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातून हाक दिली, "काय करायलीस पोरी? मारू नको त्याला, बुर्जी होईल!"

त्या दोघांच्या नियमांतला फरक कळायला एक लहानसा डाव पुरतो. मधले राजे एकमेकांसमोर असे अडलेत की जो हलेल तो हरेल. कडेला पांढरं प्यादं ए २ ला, घरातच, आणि काळं ए ५ ला. मध्ये दोन रिकामी घरं. नानांच्या नियमाने चाल पांढऱ्याची असेल तर तो प्यादं दोन घरं टाकतो, वाट बंद होते, काळ्याला राजा हलवावा लागतो. चाल काळ्याची असेल तर तो ए ४ ला येतो, पांढरा ए ३ ला, पुन्हा काळ्यावरच पाळी. कसंही करा, पांढरा जिंकतो, कारण एक पाऊल की दोन, ही निवड त्याच्या हातात आहे. काकूंच्या नियमाने दोन पावलं नाहीतच. एक तू, एक मी, आणि ज्याची पहिली चाल तो अडकला. तीच प्यादी, तीच घरं, उत्तर वेगळं. हार्वर्डचे गणिती नोम एल्कीस यांनी १९९६ मध्ये अशाच उरलेल्या पावलांच्या हिशेबावर निबंध लिहिला आणि प्याद्यांच्या शेवटांना अंकांच्या किमती लावून दाखवल्या. काकू पावलं बोटांच्या पेरांवर मोजत.

नाना-काकूंची भांडणं याच एका विषयावर व्हायची आणि ती ऐकायला मला फार आवडायचं. नाना म्हणत, परिपूर्ण खेळ म्हणजे ज्यात शंका उरत नाही तो. काकू म्हणत, "कुणाच्या नियमाने, ते बोला की आधी." नानांनी मग बाजू भक्कम करायला पुस्तकं काढली, आणि निघालं भलतंच. १७ व्या शतकात बुद्धिबळाचे नियम संस्कृतात लिहिणारा नीलकंठ भट्ट काशीचा खरा, 'नीतिमयूख' त्याचा. पण त्याचं घराणं पैठणहून काशीला गेलेलं. आणि १८७१ च्या सुमारास 'क्रीडाकौशल्य' लिहिणारे हरिकृष्ण शास्त्री तर औरंगाबादचेच. पटावरच्या नाना खेळांची माहिती देणारं ते प्रकरण त्यांच्या 'बृहज्ज्योतिषार्णव' या मोठ्या ग्रंथाचा भाग. म्हणजे सांगलीचा माणूस पैठणच्या बाईला हरवायला पुरावे शोधत होता, आणि प्रत्येक पुरावा तिच्या माहेरचा निघत होता. काकूंनी तो आनंद बरेच दिवस पुरवून खाल्ला.

वेरूळची सहल निघाली तेव्हा २१ नंबरच्या लेण्यात शंकर-पार्वती फासे खेळताना पाहून काकू म्हणाल्या, "बघा, देवाला पण नशिबाचाच खेळ आवडतो. हा हिशेबाचा खेळ माणसांनी काढला." नाना शिल्पाच्या धुळीबद्दल काहीतरी पुटपुटले.

सातवी झाली त्या मे महिन्यात सांगलीला स्पर्धा होती. मुलीला एवढ्या लांब खेळायला पाठवायचं म्हणजे काय, यावर घरात दोन दिवस धुसफूस चालली. नानांनी वडिलांना खाडिलकर बहिणींची आठवण करून दिली. वासंती, जयश्री, रोहिणी. 'नवाकाळ'च्या निळूभाऊंच्या लेकी. रोहिणीने १९८१ मध्ये आशियाई विजेतेपद आणलं होतं आणि ते वडिलांच्याही लक्षात होतं. पण वडिलांचा होकार खाडिलकरांमुळे आला नाही, काकू सोबत येतायत म्हटल्यावर आला. एसटीचं तिकीट, प्रवेश फी, नानांच्या भावाकडचं राहणं-जेवण, यातला एक पैसा आमच्या घरातून गेला नाही. काकूंनी रात्रीच्या गाडीत मला खिडकीची जागा दिली आणि नगर येईपर्यंत डोळे मिटून पावलं मोजायला लावली.

एका फेरीत माझ्यासमोर बेळगावकडचा कॉलेजातला मुलगा आला. तासाभरात माझे सगळे मोहरे कापले गेले, शेवटचं प्यादंही गेलं. त्याचं एक प्यादं शिल्लक. तो खुर्चीत मागे रेलला, आजूबाजूचे दोन-तीन जण निघूनही गेले. प्यादं ई ६ ला, त्याचा राजा मागे, माझा राजा ई ७ ला, चाल माझी. मी राजा सरळ मागे, ई ८ ला नेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पटाकडे. उजवीकडून येऊन पाहिलं, मी समोर. प्यादं पुढे टाकलं, मी त्याच्या पुढ्यात. बरोबरी झाली. अर्धा गुण.

नाना तेव्हा मंडळातल्या जुन्या मित्रांत हरवलेले होते. काकू मात्र भिंतीलगतच्या बाकावर पूर्ण वेळ बसून होत्या. बाहेर आल्यावर मला वाटलं शाबासकी मिळेल. काकूंचा चेहरा वैतागलेला. "तुझं शेवटचं प्यादं मेलं तेव्हाच तू सुटलीस की! एकटी राहिलीस, डाव बुर्जी झाला. मग पोरीला अर्धा तास उगीच कशाला बसवून ठेवलं त्यांनी?" मी हसत सुटले. त्यांना खरंच राग आला होता, आयोजकांचा.

खेळात मी पुढे फार मोठी झाले नाही. विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचले, नंतर बँकेत लागले. आता कर्जाचे अर्ज तपासणं हेच काम आहे, आणि अर्जदाराने कितीही सजवून मांडलं तरी त्यातले वजीर, हत्ती बाजूला ठेवून उरलेल्या प्याद्यांकडे बघायची सवय मला त्या माडीवर लागली. दुसऱ्यांची परतफेड वसूल करणाऱ्या बाईला स्वतःची करता येईना, ही गंमत आमच्या शाखेत कुणाला माहीत नाही. पहिल्या पगाराचं पाकीट घेऊन मी माडीवर गेले, तेव्हा नानांनी ते उघडलंसुद्धा नाही. काकूंनी उघडलं, नोटा मोजल्या, परत आत ठेवल्या आणि म्हणाल्या, "पैसे नकोत. यांची वही माझ्या नियमाने करून दे."

नाना त्यावर खो खो हसले. काम किती अवघड आहे ते त्यांना लगेच कळलं होतं, मला नाही. काकूंच्या नियमात राजा-प्यादं विरुद्ध नुसता राजा हा डावच नाही; दोघांकडे निदान एकेक प्यादं हवं. म्हणजे काळ्या प्याद्याची अठ्ठेचाळीस घरं आणखी गुणायची. दोन लाखांच्या आतला आकडा ९४,३७,१८४ वर जातो. पेन्सिलीने हे होणं नाही. नाना गेले तोपर्यंत माझ्याकडून कशीबशी वजिराच्या पट्टीची काही पानं झाली होती, तीही काकूंनी निळ्या शाईने भरून परत केलेली.

आता माझा भाचा इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. गेल्या दिवाळीत त्याला काकूंसमोर बसवलं. त्याने देशी नियम लिहून घेतले, चार प्रश्न विचारले, आणि सुट्टी संपायच्या आत प्रोग्राम चालवून दाखवला. पडद्यावर एक डाव मांडला : दोन्हीकडे एकेक प्यादं, चाल पांढऱ्याची. यंत्राने क्षणात सांगितलं, पांढरा जिंकतो. काकूंनी चष्मा वर केला, पडद्याला नाक लावलं. पांढरा राजा तिरका येत होता, आणखी तिरका, आणि मग काळ्याचं प्यादं त्याने उचललं.

"अरे, मारलं की यानं!" काकू म्हणाल्या. "शेवटचं होतं ते. कुणी शिकवलं याला, नानांनी का?"

भाच्याने खाली वाकून एक ओळ बदलली. यंत्र पुन्हा कामाला लागलं आणि जिंकलेल्या डावांचा आकडा भराभर उतरायला लागला. काकूंनी मला निळं पेन आणायला पिटाळलं.